बिजलीला एकदा हरव

दादर, रविवार दुपार

प्रिय शिल्पे,

मुंबईतल्या बायकांच्या फ्रीस्टाइल कुस्तीवरचं तुझं कॉमिक आत्तापर्यंत जेवढं आलंय तेवढं सगळं फोनवर वाचून काढलं. ‘गोड बोलू नकोस, खरं सांग,’ असं तूच बजावलं होतंस, तेव्हा आता ऐकून घे. सासूबाई हे पात्र म्हणजे तुला लागलेली लॉटरी आहे. आणि शेवटच्या भागात तुझ्या नायिकेचं, बिजलीचं, तू जे करून ठेवलंयस, त्यावरून मला तुझ्याशी कडाकडा भांडायचंय. मधलं सुचेल तसं लिहिते, क्रमाबिमाची अपेक्षा ठेवू नकोस.

आधी सासूबाई. नऊवारीचा कासोटा, नाकात नथ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि रिंगमध्ये शिरायच्या आधी वरच्या दोरीवरून बोट फिरवून धूळ बघणं! त्या चौकटीवर मी एकटीच खिदळत बसले. लालबागच्या बंद गिरणीच्या शेडमध्ये जमलेलं पब्लिक तिला शिव्या का घालतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाई तोंडातून अवाक्षर काढत नाही आणि खलनायिका होऊन मोकळी. समोरचीला दोरीवरून बाहेर भिरकावते त्या डावाचं नाव ‘माहेरची वाट’ ठेवलंस, तिथे तर मी हातच जोडले. नऊवारीत कुस्ती कशी शोभेल, असं तुला कुणीतरी विचारलं म्हणालीस. त्याला सांग, २०१७ मध्ये हरियाणाची कविता देवी डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या रिंगमध्ये भगव्या सलवार-कमीजमध्ये उतरली होती आणि समोरचीला तिने दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं होतं. मॅच ती हरली. पण लोकांनी पुन्हापुन्हा बघितलं ते तिलाच.

सासूबाई मला खऱ्या भेटल्या त्या मात्र लोकलच्या भागात. बायकांचा सेकंड क्लास, नशिबाने खिडकी मिळालेली, मांडीवर पिशवी आणि पिशवीत मटार. पायाशी बॅग, तिच्यात घडी घातलेली नऊवारी आणि नी-पॅड. सोलता सोलता बाही वर सरकते आणि दंडावरचा हिरवा-निळा डाग दिसतो. समोरची बाई बघते. ‘काय लागलं हो?’ ‘कपाटाचं दार.’ मग तीन चौकटी नुसता त्या बाईचा चेहरा, संवाद नाही. कुर्ला आल्यावर उतरता उतरता ती सासूबाईंच्या हातात चिटोरा कोंबते. त्यावर लिहिलेलं असतं, १८१, बायकांच्या हेल्पलाइनचा नंबर. आणि सासूबाई तो चिटोरा टाकून देत नाहीत, सोललेल्या दाण्यांच्या डब्यात ठेवतात.

शिल्पे, हे तुला कसं सुचलं गं? मार खरा, मारणारी मैत्रीण, कारण सांगायची चोरी, आणि जिला कळवळा आला ती अनोळखी बाई तिच्या जागी अगदी बरोबर. सासूबाई तिला ‘अहो, आमची मॅच होती’ असं सांगू शकत नाहीत, कारण सगळं आधी ठरलेलं असतं हे बाहेर फोडायचं नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम. ही पानं वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि चहा टाकायला उठले. लगेच पुढचा भाग उघडवेना.

हेडलॉकचं पानही तसंच. बिजलीचं डोकं सासूबाईंच्या काखेत, पब्लिकचा आरडाओरडा अक्षरांत सगळीकडे पसरलेला, आणि मध्ये एक बारकी चौकट, तिच्यात फक्त एक कान आणि ओठ. ‘श्वास सोड. डावीकडून उचलते. हनुवटी छातीला.’ त्यानंतर तू जी मोकळी पांढरी जागा सोडलीस, अंगठ्याने किती वेळ खाली सरकवत राहावं लागतं! आणि मग एकदम तळाला ‘धप्प’. छापील पुस्तकात हे जमलं नसतं. खांदे टेकल्यावरच्या तीनच्या मोजणीलाही तेच केलंस. एक आणि दोनमध्ये थोडं अंतर, दोन आणि तीनमध्ये दुप्पट. ‘धप्प’च्या जागी इंग्रजी आवाज टाकले नाहीस, याबद्दल तुला माझ्याकडून एक प्लेट मिसळ.

आता माझ्या धंद्यातलं. मी दिवसभर लोकांच्या माना आणि कंबरा बघते, त्यामुळे कुणी चुकीचं पडलेलं मला चित्रातही सोसत नाही. तिसऱ्या भागात बिजली ढुंगणावर आपटते. अशी आपटलेली मुलगी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खुर्चीवर बसूच शकणार नाही, आणि तू तिला बसवलंयस. पडायचं ते पाठीच्या वरच्या भागावर, सपाट. हनुवटी छातीला लावलेली, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. दोन्ही हात पसरून तळवे फाटकन खाली मारायचे, म्हणजे मार एका जागी न बसता वाटला जातो आणि वर आवाजही मिळतो. आणि रिंग म्हणजे गादी नव्हे बाई! खाली लोखंडी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, फळ्यांवर पातळसा फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. म्हणून तर एवढा दणका ऐकू येतो. ठोसा मारताना पाय आपटून आवाज काढतात, पण उघड्या हाताचा चॉप मात्र खराच बसतो, छातीवर पाची बोटं उठतात. ‘डावीकडून उचलते’ हे तू अगदी बरोबर लिहिलंस. अमेरिकन पद्धतीत पकडी डाव्या अंगाला घेतात, त्यामुळे पहिल्यांदाच समोरासमोर आलेल्या दोघींचाही गोंधळ होत नाही. हे तू कुठेतरी वाचलं असशील. मग ते ढुंगण राहिलं कसं?

बरं, आता भांडण.

शेवटच्या भागात ठरल्याप्रमाणे बिजलीने हरायचं असतं. तिला राग येतो, ती ठरलेलं मोडते, सासूबाईंना खरोखर चितपट करते, आणि तू वर सोनेरी किरणबिरण सोडून तिला विजेतेपदाचा पट्टा देतेस. म्हणजे आत्तापर्यंत जे काही झालं ते खोटं आणि हेच काय ते खरं? अगं, जिने कानात ‘श्वास सोड’ म्हटलं, तिने स्वतःचं अंग विश्वासाने हिच्या हातात दिलेलं असतं. अंग सैल सोडलेल्या माणसाला खरंखुरं आपटणं हा पराक्रम नाही, दगा आहे. माझ्या टेबलावर झोपलेल्या पेशंटची मान मी रागाच्या भरात मुरगाळावी, तसं आहे हे. तू ते शौर्य म्हणून रंगवलंस. सासूबाई त्यानंतर एकाही चौकटीत दिसत नाहीत, त्यांना लागलं का हेसुद्धा कुणी विचारत नाही. मला तर तो १८१चा चिटोरा आठवला.

‘खरी का खोटी’ ही शंका काही आजची नाही, आणि बाईच्या वाट्याला ती दुपटीने येते. हमीदा बानू या जुन्या काळातल्या पहिलवान बाईबद्दल आपलं एकदा बोलणं झालं होतं, त्यानंतर मी जरा जास्त वाचलं. १९५४ मध्ये तिने जाहीर केलं, मला जो कुस्तीत हरवेल त्याच्याशी लग्न करीन. त्याच वर्षी मे महिन्यात बडोद्यात तिने बाबा पहिलवानला १ मिनिट ३४ सेकंदांत अस्मान दाखवलं. इथे मुंबईत रशियाची वेरा चिस्तिलिन, जिला ‘मादी अस्वल’ म्हणायचे, तिला मिनिटभरही टिकू दिलं नाही. आणि आपली कुस्तीपंढरी कोल्हापूर? तिथे तिने पुरुषाला पाडलं तर लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. पुण्यातली कुस्ती तर तालीमवाल्यांच्या विरोधामुळे रद्दच झाली. मुंबई राज्यात तिच्या कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा तिने थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. त्यांचं उत्तर काय, तर बंदी बाई म्हणून नाही, आयोजक तिच्यासमोर मुद्दाम हरणारे डमी उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. बघ म्हणजे! त्याच काळात पुरुषांच्या फ्रीस्टाइलला मुंबईत तोबा गर्दी व्हायची, किंगकाँग आणि दारासिंग यांच्या नावावर तिकिटं खपायची, आणि तिथे कुणी तराजू घेऊन बसलं नव्हतं.

ती पुढे कल्याणला राहिली. दूध विकलं, पैसे संपले तेव्हा रस्त्याकडेला खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ मध्ये गेली. २०२४च्या मे महिन्यात गूगलने डूडल केलं तेव्हा माझ्या क्लिनिकमधल्या कल्याणच्या मुलीसुद्धा म्हणाल्या, ही कोण? २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर होती कल्याणचीच वैष्णवी पाटील. तुझ्या बिजलीला लाल मातीतून आलेली दाखवायचंच आहे, तर हा धागा घे ना. आजोबांचा तो लांबलचक फ्लॅशबॅक, हलगी, शड्डू, ‘पोरी, मातीशी इमान राख’, हे सगळं शंभरदा पाहिलंय. मी ती पानं भराभर सरकवली, खोटं कशाला सांगू.

हो, आणि हमीदा बानू १०८ किलोंची होती. दिवसाला साडेपाच लिटरच्या वर दूध, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, दोन प्लेट बिर्याणी. तुझ्या रिंगमधल्या सगळ्या मुलींच्या कंबरा मुठीत मावतील एवढ्याच का? एक सासूबाई तेवढ्या अंगापिंडाने भरलेल्या, आणि म्हणूनच त्यांनी कुणाला उचललं की पटतं.

हरण्याबद्दल आणखी एक. जपानमध्ये १९८०च्या दशकात बायकांची कुस्ती बघायला मुख्यतः शाळकरी मुली यायच्या. त्यांची लाडकी चिगुसा नागायो आणि तिची वैरीण डंप मात्सुमोतो यांची १९८५च्या ऑगस्टमध्ये ओसाकाला मॅच झाली. अट अशी, जी हरेल तिचं मुंडण. नागायो हरली. भर रिंगणात तिचे केस कापले आणि स्टँडमधल्या मुली हमसून हमसून रडत होत्या. व्हिडिओ मिळाला तर बघच. या दोघी वैरिणी एकाच साली, १९८० मध्ये, रिंगमध्ये उतरलेल्या बरं का. नायिका हरली म्हणून त्या मुली तिला सोडून गेल्या नाहीत, तिच्यावर आणखीनच जीव टाकू लागल्या. एवढी नावडती व्हायची हिंमत ठेवणारी डंप समोर नसती, तर नागायो तरी कुणाच्या लक्षात राहिली असती? तुझ्या हातात तसली बाई आयती आहे, आणि तू तिला किरणांच्या मागे ढकललीस.

किरकोळ गोष्टी: पट्टा गुलाबी फुलपाखराचा काढू नकोस, तसला पट्टा डब्ल्यूडब्ल्यूईनेही २०१६ मध्ये मोडीत काढला, आणि २०१९ मध्ये रेसलमेनिया या आपल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाची शेवटची, मुख्य लढतच तिघी बायकांची ठेवली. गिरणीच्या शेडचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आणि त्यातून येणारा तिरका उजेड सुरेख उतरलाय. चाळीच्या गॅलरीत परकरांच्या रांगेत वाळत घातलेले नी-पॅडही. पण त्या भागात पाऊस पडतोय आणि कपडे बाहेर? तुझी आई काय म्हणेल?

तू म्हणशील, वाचणाऱ्यांना नायिका जिंकलेलीच हवी असते. असेलही. पण पुढच्या भागात निदान एवढं कर: सामना संपल्यावर आतल्या खोलीत दोघींना समोरासमोर बसव. सासूबाई मानेला बर्फ लावतायत, बिजली पट्टा घेऊन उभी, आणि बोलायची पाळी बिजलीची. ती काय बोलेल ते मला सुचत नाही, ते तूच शोध. आणि मग परतीच्या मॅचमध्ये सासूबाईंनी सांगितलेल्या डावावर तिला पाड, चांगली तीनपर्यंत मोजून. कच्ची चित्रं झाली की रंग भरायच्या आधी पाठव, म्हणजे कोण कसं पडलंय ते मी तपासते.

काकूंना नमस्कार. गणपतीत येणार असशील तर आत्ताच कळव, म्हणजे मी क्लिनिक बंद ठेवते.

तुझी,
मेधा

ता.क. मटार सोलताना सासूबाईंच्या डाव्या अंगठ्याला टेप आहे आणि पुढच्या चौकटीत तीच उजव्याला. दुरुस्त कर.