सुट्या गाण्यांवर श्रेयही हवे

महोदय,

ऑनलाइन सुटे गाणे विकत मिळू लागल्याने अल्बम मेला, अशी हळहळ अधूनमधून कानावर येते. मला ती फारशी पटत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या (७८ आरपीएम) तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलेली आपल्या गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवीही तेवढीच. अनेक गाणी मावणारी एलपी या ७८च्या तबकड्यांनंतर आली. २००३ साली अॅपलने अमेरिकेत ९९ सेंटला एक गाणे विकायला काढले, तो व्यवहार तसा जुनाच. शिवाय एका गाण्यापायी सात भरताड गाणी गळ्यात मारणाऱ्या कॅसेटी कुणी घेतल्या नाहीत?

माझी तक्रार वेगळी आहे. वेष्टनावर निदान गीतकार-संगीतकार तरी छापलेले असत, कधी ऑर्गन-तबल्याची नावेही. फाइलवर बहुधा एकट्या गायकाचे नाव. मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींनी चाली दिलेली कितीतरी नाट्यपदे इतरांनी गायली आहेत. ती अभिषेकीबुवांची, हे नव्या श्रोत्याला कळणार कसे? विक्रेत्यांनी प्रत्येक गाण्याबरोबर पूर्ण श्रेयनामावली द्यावी. गोव्यातले भजनी आणि नाट्यकलावंत नवे ध्वनिमुद्रण विकायला ठेवतात, त्यांनी तर ती स्वतःहून भरून द्यावी.

– एक वाचक, फोंडा