आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

टोकियो, रविवार दुपार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणतात, आई "जेवलीस का" विचारते आणि मुद्दा बाजूलाच राहतो. म्हणून पत्र. दादाला पाठवते आहे, तो छापून आणून देईल. अक्षर मोठं ठेवायला सांगितलंय, चष्मा शोधायची सबब नको.

मी नोकरीचा राजीनामा दिला आहे. ३१ मार्च शेवटचा दिवस. कोणी काढलेलं नाही, भांडण झालेलं नाही, तब्येत ठणठणीत आहे. आणि आई, लग्नही ठरलेलं नाही. ठरलं असतं तर पहिल्यांदा तुलाच कळलं असतं.

बाबा, तुमचा चेहरा मला इथून दिसतोय. जानेवारीत मला सेक्शन सांभाळायला देणार होते हे मीच हौसेने सांगितलं, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी वाचनालयात सगळ्यांना सांगून मोकळे झालात. ते आता परत कसं घ्यायचं, हा ताप मी तुमच्या डोक्याला दिला. त्याची माफी मागते. बाकी कशाची नाही.

झालं असं, की मागच्या महिन्यात टोकियोजवळच्या योकोसुका गावाला गेले होते, घर बघायला. शिनागावाहून केइक्यूची लाल गाडी पकडली की पाऊण-एक तास. योकोसुका-चूओ स्टेशनवर उतरले. परतीची गाडी येताना फलाटावर एक चाल वाजायला लागली आणि मी पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. गाडी आली, गेली. पुढची येईपर्यंत थांबले, पुन्हा ऐकली. ते गायिका मोमोए यामागुचीचं गाणं होतं, १९७६ सालचं, याच गावावरचं. बाबा, पुण्यात जपानी शिकताना बाईंनी दिलेली सीडी मी घरी आणली होती, आठवतं? तुम्ही पेपर खाली ठेवून म्हणाला होतात, "आवाज खर्जाकडे आहे पोरीचा. किंचाळत नाही." मला तेव्हा भाषाच धड कळत नव्हती, पण तुम्ही पेपर खाली ठेवलात म्हणून मी ती सीडी झिजेपर्यंत ऐकली.

ती याच योकोसुकात वाढली. आईने एकटीने, घरी बसून मिळेल ते काम करून दोन मुली वाढवल्या. ही शाळेच्या सुट्टीत घरोघर पेपर टाकायची. १९७२ मध्ये, तेरा वर्षांची असताना, टीव्हीवरच्या स्पर्धेत गायली. दुसरी आली. पुढच्या वर्षी मे महिन्यात पहिली रेकॉर्ड निघाली.

पंधराव्या वर्षी तिच्या तोंडी मोठ्यांनी असं गाणं घातलं, की मुलगी आपली सर्वांत मोलाची गोष्ट देऊ करते आहे. मग जिथे जाईल तिथे पुरुष दात काढून विचारायचे, ती मोलाची गोष्ट म्हणजे नक्की काय गं? ही सरळ चेहऱ्याने सांगायची, "मागोकोरो." निर्मळ मन. आई, तू पंधरा वर्षांच्या मला एसटीत जे शिकवलंस ना, त्या कोल्हापूरच्या प्रवासानंतर, तेच. चेहरा सरळ ठेवायचा, लाज त्यांना वाटू द्यायची.

सतराव्या वर्षी तिने स्वतः सांगितलं, मला योको आकी आणि र्यूदो उझाकी या नवरा-बायकोची गाणी हवीत. फलाटावर वाजतं ते त्यांचंच. १९७८ च्या ३१ डिसेंबरला, एनएचके या इथल्या वाहिनीच्या वर्षअखेरच्या त्या मोठ्या कार्यक्रमात, बायकांच्या संघातर्फे सगळ्यात शेवटी ती गायली. वय एकोणीस. बाबा, मैफलीत भैरवी कोणी गायची, तसा तो मान. सिनेमेही सोबत चालूच होते. १९७४ मध्ये कावाबाता या लेखकाच्या कथेवरच्या सिनेमात तोमोकाझु मिउराबरोबर पहिल्यांदा आली आणि पुढे दोघांचे डझनभर सिनेमे झाले. शेवटचाही कावाबातांच्याच कादंबरीवरचा, त्यात तिने जुळ्या बहिणी केल्या. तो लागला तेव्हा ती निवृत्त झालेली होती.

कारण १९८० च्या मार्चमध्ये तिने जाहीर केलं, मिउराशी लग्न करणार आणि काम थांबवणार. ५ ऑक्टोबरला टोकियोच्या बुदोकान सभागृहात शेवटचा कार्यक्रम. पांढऱ्या कपड्यात शेवटचं गाणं गायली, पांढरा माइक रंगमंचाच्या मधोमध खाली ठेवला, वाकून नमस्कार केला आणि पाठ फिरवून चालत गेली. एकवीस वर्षांची होती.

सगळे म्हणतात, नवऱ्यासाठी त्याग केला. मला नाही तसं वाटत. जायच्या आधी तिने स्वतःचं पुस्तक लिहिलं, बापाबद्दलसुद्धा आडपडदा न ठेवता. दहा लाखांवर खपलं. जाताना लोकांना गोष्ट रचायला जागाच ठेवली नाही तिने. आणि नंतर परत आली नाही. निरोपाचे कार्यक्रम करकरून परत येणारे तुम्हाला माहीतच आहेत, बाबा, दर्ग्यातल्या मैफलीनंतर तुम्हीच त्यांची नावं घेऊन हसता.

मला कळतंय तुम्ही काय म्हणणार. ती मोमोए, तू कोण? बरोबर आहे. मी कचेरीत इतरांची वाक्यं इकडून तिकडे नेणारी दुभाषी. मी माइक ठेवला तर सफाईवाल्या काकू उचलून कपाटात टाकतील. तरी बाबा, एक विचारते, रागावू नका. नांदेडची बढती तुम्ही नाकारलीत, तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं होतं का, वर चढणारा जिना कोणी सोडतं का म्हणून? आईची शाळा होती, माझी दहावी होती, आबांची पेटी होती. तुम्ही एका संध्याकाळी येऊन "नाही म्हणालो" एवढंच सांगितलंत आणि चहा मागितलात. मी तुमचीच मुलगी आहे.

आता काळजीचं. इथे कायम राहण्याचा परवाना मला मिळालेला आहे, त्यामुळे नोकरी गेली म्हणून मला कोणी हाकलत नाही. आरोग्य विमा सुटत नाही, चौदा दिवसांत नगरपालिकेत नाव घालायचं की झालं. कामाचं बोलणं झालेलं आहे, आठवड्याला तीन दिवस भाषांतर, घरून. पैसे कमी मिळतील, पण भाडंही कमी आहे. योकोसुकाचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, ऊन सकाळी थेट स्वयंपाकघरात येतं. न्हाणीघरात टब आहे, आई, तुझे गुडघे शेकायला. तूरडाळ, जिरं, हिंग टोकियोतल्या निशि-कसाई भागातल्या दुकानातून घरपोच येतं. भात कुकरमध्ये लावते, कढीपत्ता कुंडीत तग धरून आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी एकट्या असतात. पहिल्याच भेटीत त्यांनी मला तीन मुळे दिले, पानांसकट. भाजी केली, पीठ पेरून. तुझ्यासारखी नाही झाली.

खरं सांगू का, मूळ कारण वेगळंच आहे. मोमोएचं अजून एक गाणं आहे, १९७७ चं, मासाशी सादाने लिहिलेलं. उद्या लग्न असलेली मुलगी आणि तिची आई. त्यात आई अंगणात एकदाच खोकते. एवढंच, बाकी अल्बम चाळणं वगैरे आहे. मी ते गाणं शंभरदा ऐकलं होतं. दिवाळीत फोनवर आई बोलता बोलता खोकली आणि "काही नाही गं, फोडणीचा ठसका" म्हणाली. फोडणी रात्री साडेदहाला? त्या आठवड्यात मी रजा मागितली, मिळाली नाही. रागावून राजीनामा दिला असं समजू नका, त्यानंतर तीन महिने विचार केला. पण सुरुवात तिथे झाली.

तर आता ऐका. आईने या आठवड्यात छातीचा फोटो काढायचा. पुढच्या नाही, या. दादा गाडी घेऊन येईल, रिक्षाने जायचं नाही. बाबांनी साखर उपाशीपोटी तपासायची आणि आकडा वहीत लिहायचा, मनात नाही. वहिनीला दोष द्यायचा नाही, हे सगळं मी ठरवलंय. बाहेरच्या पायरीला कठडा लावून घ्या, पैसे दादाकडे पाठवले आहेत, परत पाठवायचे नाहीत. आणि बाबा, रात्री गच्चीचं दार लावायला आईला वर पाठवू नका. रागावले नाहीये. म्हणजे थोडी रागावलेय.

एप्रिलच्या पंधरा तारखेला मी येते आहे, दोन महिने. हे दहा दिवसांसारखं नाही, की पाच दिवस पाहुण्यांत आणि दोन दिवस बॅग भरण्यात.

मोमोए आता पासष्टीच्या पुढची आहे आणि चिंध्या जोडते. खरंच. वाकळा शिवते, इथे त्याला क्विल्ट म्हणतात. २०१९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, मी चाळलं दुकानात उभ्याने. टाके बारीक आहेत, पण आई, तुझ्या कडेच्या टाक्याला तोड नाही, हे मी मायेने म्हणत नाहीये. तुझी ती जांभळ्या इरकलीची वाकळ अर्धी पडली आहे ना? तशीच राहू दे. मोतीबिंदूचं होईपर्यंत सुईला हात लावायचा नाही. मी आले की दुपारी अंथरू, आणि सुया मी ओवून देईन, दहा एकदम, उशीला टोचून ठेवायचे तशा.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, वाचनालयात कोणी विचारलंच तर सांगा, मुलीने स्वतःचं काम सुरू केलं. खोटं नाही ते.