मातीची भांडी!

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

संग्रहालये ओस पडल्याबद्दलचा आपला कालचा अग्रलेख वाचला. सोलापूरकरांना इतिहासाची आवडच नाही, हे आपण तीन परिच्छेदांत निकालात काढलंत. अभिनंदन. आता आवड असलेल्या एकाचंही ऐका.

दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन एका पुरातत्त्व संग्रहालयात गेलो होतो. नाव लिहीत नाही, उगाच दारावरच्या शिपायाची बदली व्हायची. एसटीनं तीन तास. ताम्रपाषाण युगाच्या (माणूस तांब्याची आणि दगडाची हत्यारं एकत्र वापरायचा, तो काळ) दालनात तीनपैकी एक ट्यूबलाइट चालू. काचेच्या कपाटात दोन कुंभ, आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले. खाली पाटी : 'मातीची भांडी'. बस्स! नातू म्हणाला, "आज्जा, यात धान्य ठेवायचे का?"

कॉलेजात असताना, १९७५ साली, मी पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं, त्याच युगातल्या वस्तीचं, उत्खनन पाहिलेलं आहे. घोड नदीचा काठ. तेच पाणी पुढं भीमेतून उजनीत आणि तिथून आपल्या नळाला येतं (येतं त्या दिवशी). तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली असेच कुंभ निघाले. तान्हं मूल गेलं की त्याला दोन कुंभांत घालायचं, तोंडं जुळवायची आणि राहत्या घरातच पुरायचं. मोठ्यांना पुरताना पाय घोट्यापासून तोडत. मेलेल्यानं उठून चालू लागू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. सरांनी हे सांगितलं त्या दुपारी आमच्यातल्या दोघांनी डबा उघडला नव्हता.

हेच नातवाला हळू आवाजात सांगायला लागलो, तर पहारेकरी आला. "काका, पुढं सरका, गर्दी करू नका." दालनात आम्ही दोघंच होतो!

पाटीवर आणखी चार ओळी लिहायला असा कितीसा रंग लागतो? आवारात नवं कारंजं मात्र होतं. बंद. लोकांनी काय बघायला जायचं, हेही अग्रलेखात लिहायचं होतंत.

जाता जाता एक. त्याच पानावर आपण छापलेल्या चित्रात आदिमानव डायनोसॉरवर भाला उगारून उभा आहे. डायनोसॉर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्यासारखा माणूस आला सुमारे तीन लाख वर्षांपूर्वी. नातवानं ते चित्र कापून इतिहासाच्या वहीत चिकटवलंसुद्धा. त्याच्या बाईंना आता चिठ्ठी आपणच लिहा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर