भामरागडला निघण्यापूर्वी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

भामरागडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून जाताना सोबत कुठली पुस्तकं नेऊ, असं विचारलं होतंस. एखादं ने हवं तर, पण डोक्याला बांधायचा टॉर्च आणि जादा सेल आधी बॅगेत टाक. रोगनिदान तुला जमेल. तिथं घोडं अडतं ते किरकोळ गोष्टींवर.

सकाळी राउंडला जाण्याआधी इमर्जन्सी ट्रॉली स्वतः बघायची, सिस्टरांवर सोपवायची नाही. अँब्यू बॅगचं, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायच्या पिशवीचं, तोंड तळव्यानं बंद करून दाब. सहज दबली तर झडप नीट बसलेली नाही. धुऊन पुन्हा जोडताना हे हमखास होतं. घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघ. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो आणि पावसाळ्यात वीज बेभरवशाची, म्हणून एक भरलेला सिलिंडर हवाच, त्याची चावी त्यालाच बांधलेली. सिलिंडर कधी हरवत नाही, चावी हरवते.

आता साप. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे जुलै-ऑगस्टात, तयारीत राहा. घोणस-फुरशाच्या विषानं रक्त गोठत नाही, म्हणून वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: नव्या, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतलं ताजं २ मिली रक्त, २० मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदाच तिरपी करायची. साबणानं धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नळी वापरलीस तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि नसलेलं विष दिसतं. पहिली चाचणी ठीक आली तरी लक्ष ठेव, पुन्हा कर.

मण्यारीत ही चाचणी नॉर्मलच येते, तिथंच माणूस फसतो. रात्री जमिनीवर झोपलेला, दाताची खूण नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतंय म्हणून आणलेला पेशंट. ॲसिडिटीचं इंजेक्शन देण्याआधी त्याच्या पापण्या जड होऊन मिटतायत का बघ. वर बघ म्हण, मान उचलायला सांग, एका दमात आकडे मोजायला लाव आणि कितीपर्यंत पोचला ते लिहून ठेव. पाऊण तासानं तोच आकडा घटला, तर वेळ थोडा आहे.

सर्पविषावरची लस ८ ते १० व्हायल, लहान मुलालाही तेवढीच, कारण साप माणसाचं वजन बघून विष सोडत नाही. प्रत्येक व्हायलीत १० मिली पाणी घालून हलक्या हातानं फिरवायची. खळखळून हलवली की फेस होतो आणि वेळ जातो. सलाईनमधून तासाभरात द्यायची. टेस्ट डोस देऊ नकोस, त्याचा उपयोग नाही. मोठ्यांसाठी ०.५ मिग्रॅ ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेव, मुलांना वजनाप्रमाणे. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली की लस थांबवून ते ॲड्रेनलिन मांडीत टोचायचं. घट्ट आवळपट्टी बांधून आणलं असेल तर ती एकदम सोडू नकोस, आधी शीर लावून घे. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकाशी एकदा बसलं की लशीनं सुटत नाही. तेव्हा श्वास चालू ठेवणं हाच उपचार, आणि तो तासन् तास, कधी काही दिवस. नातेवाइकांना अँब्यू दाबायला शिकव, मिनिटाला १२ ते १५ वेळा, पाळ्या लाव.

मलेरियाबद्दल फार लिहीत नाही. फक्त एवढं, की नुकताच उपचार झालेल्याची रॅपिड टेस्ट फाल्सिपेरम, म्हणजे घातक मलेरियाचा जंतू, नसतानाही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. असा पेशंट पुन्हा तापानं आला तर रक्ताची स्लाइड बघ. मलेरियावरच्या आर्टेसुनेट इंजेक्शनची ६० मिग्रॅची व्हायल आधी सोबतच्या १ मिली बायकार्बोनेटमध्ये पूर्ण विरघळली पाहिजे, मगच ५ मिली सलाईन, आणि तासाभरात वापरायची. किलोमागे २.४ मिग्रॅ, २० किलोखालच्या मुलाला ३. बेशुद्ध मुलाची साखर आधी तपास. फिकट मुलाला सिकलसेलची टेस्ट न करता नुसती लोहाची गोळी देऊन मोकळी होऊ नकोस. आणि नुकतं रक्त चढवलेलं असेल तर ती टेस्टही फसवते.

गोळ्या दिवसातून तीनदा असं सांगून भागत नाही. सूर्य उगवताना, डोक्यावर असताना, मावळताना अशी चित्रं पाकिटावर काढ, पहिली मात्रा समोर गिळायला लाव. माडिया भाषा जाणणारा आरोग्य कार्यकर्ता शेजारी असू दे, आणि त्याला घाई करू नकोस. तुझं एक वाक्य तो चार वाक्यांत सांगत असेल तर सांगू दे. आधी पुजाऱ्याकडे उपचाराला जाऊन आलेल्याला रागावू नकोस. रागावलीस तर पुढच्या वेळी तो आणखी उशिरा येईल.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत, मग तेंदूपानांच्या हंगामात अस्वलाच्या जखमा येतात, बहुधा चेहऱ्याच्या. भरपूर सलाईननं धुवायच्या, मेलेली त्वचा काढायची, धनुर्वाताची आणि रेबीजची लस विसरायची नाही. पापणी नीट जुळवल्याशिवाय गालाला हात लावू नकोस.

पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद. म्हणून औषधांची यादी मे महिन्यातच पाठव, आणि त्यात सलाईन लागेल वाटतं त्याच्या दुप्पट लिही.

तुझी आई