हिरड्यांचे उपचार लांबवू नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आधी शुगर आटोक्यात येऊ दे, मग दातांचं बघू." तेव्हा वाद घातला नाही, पण हा क्रम मला पटलेला नाही.

तुझं एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, ९.५ आहे. म्हणजे गेले दोन-तीन महिने साखर चढीच आहे, आणि ती काही फक्त रक्तात बसून राहत नाही. लाळेत उतरते, हिरडी आणि दाताच्या फटीत जो द्रव पाझरतो त्यातही उतरते. जंतूंना आयतंच खाणं. त्यात तोंड कोरडं पडतं आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ढिल्या पडतात. ब्रश लागला की रक्त येतं ते यामुळेच. आणि तू काय करतोस, तर रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रशच फिरवत नाहीस! तिथेच थर साचतो, घट्ट होतो, आणि मग तो घरी कितीही घासलं तरी निघत नाही.

दुखत नाही, हीच यातली मेख आहे. कीड खोल गेली की माणूस रात्री उठून बसतो. हिरडीच्या आजारात आतलं हाड झिजत राहतं आणि पत्ता लागतो तो दात हलायला लागल्यावर. झिजलेलं हाड सहसा भरून येत नाही. डॉक्टर खुणा केलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने आत घालून खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. माझ्या मागच्या दाढेपाशी ती ६ भरली होती, आणि मला कधी ठणकासुद्धा लागला नव्हता.

आता तुझ्या 'आधी शुगर'बद्दल. सुजलेल्या हिरड्यांमुळे शरीरात दाह चालू राहतो आणि इन्सुलिनचं काम अवघड होतं. हिरड्यांवर नीट उपचार झाले की तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.३ ते ०.४ ने उतरतं, असं अभ्यासांत दिसलंय. साडेनऊचे सात होणार नाहीत, औषधं सुटणार नाहीत. पण हिरड्या अशाच ठेवून शुगरशी झगडायचं म्हणजे उगाच जड काम. दात काढायचा किंवा इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचा असता, तर साखर उतरेपर्यंत डॉक्टरांनीच थांबवलं असतं. हिरड्यांच्या उपचारात मुख्यतः तो साचलेला थर काढायचा असतो, त्या सफाईला सहसा तसं थांबावं लागत नाही.

सफाईने दात ढिले होतात हे कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. थर निघाल्यावर आधीच पडलेल्या फटी दिसतात, एवढंच. आणि सिगारेट तू ओढत नाहीस असं तू म्हणतोस. ओढत असशील तर त्याने रक्त कमी दिसतं, आजार नव्हे.

वेळ सकाळची घे. नेहमीसारखं खाऊन, औषध घेऊन जा, उपाशी जाऊ नकोस, नाहीतर खुर्चीतच साखर एकदम खाली जाऊ शकते. मधुमेह आहे हे आधीच सांग, शेवटचा रिपोर्ट बरोबर ने. तोवर मऊ ब्रश, दोन्ही वेळा, रक्त येतं तिथेही, हलक्या हाताने.

वेळ मिळाली की कळव.

तुझी,
आई