खुले पत्र: कंपनीला जागा द्या, ग्रामपंचायतीचा शिक्का देऊ नका

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: नवीन महाबळेश्वर क्षेत्रात मोठ्या करमणूक कंपन्यांशी करायचे करार

मा. महोदय,

सातारा जिल्ह्यातील 235 गावांसाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे त्या भागाचा विकास आराखडा आणि बांधकाम परवाने ठरवणारी संस्था, नेमून नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पाचे काम सुरू झाले. कास, बामणोली, तापोळा या भागात रस्ते आणि पूल झाले, की थीम पार्क आणि मोठी रिसॉर्ट काढणाऱ्या कंपन्या जमिनीसाठी येणार, हे उघड आहे. त्या याव्यात की नाही हा या पत्राचा विषय नाही. आल्या तर त्यांच्या हाती काय द्यायचे आणि काय कधीच द्यायचे नाही, हे करारावर सही होण्याआधी ठरावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने हे आधी ठरवले नाही. 1967 साली तिथल्या विधिमंडळाने डिस्ने कंपनीसाठी रीडी क्रीक नावाचा खास जिल्हा कायद्याने निर्माण केला. ऑरेंज आणि ऑसिओला या दोन काउंटींमधील (काउंटी म्हणजे तिथले जिल्हा पातळीवरचे स्थानिक शासन) सुमारे 25 हजार एकर जमीन त्यात होती. रस्ते, पाणी, सांडपाणी, अग्निशमन, बांधकाम परवाने, कर्जरोखे काढणे, भूसंपादन हे सगळे त्या जिल्ह्याच्या मंडळाकडे गेले. अणुवीज केंद्र उभारण्याचीसुद्धा मुभा होती. मंडळाचे पाच सदस्य निवडायचे जमीनमालकांनी, एकरामागे एक मत. जवळजवळ सगळी जमीन कंपनीची, म्हणजे मंडळही कंपनीचेच. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर ती सनद होती.

सनदेचे पुढे काय होते, हे सातारकरांना सांगायला नको. 2022 साली फ्लोरिडाच्या सरकारने शाळांमधील शिक्षणाविषयी एक कायदा केला. कर्मचाऱ्यांच्या दबावामुळे कंपनीने त्याला जाहीर विरोध केला आणि राज्यातील राजकीय देणग्या थांबवल्या. त्याच एप्रिलमध्ये गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी हा खास जिल्हा 1 जून 2023 पासून बरखास्त करणाऱ्या विधेयकावर सही केली. पंचावन्न वर्षे ज्या व्यवस्थेला कोणी हात लावला नव्हता, ती राजकीय मतभेदापायी काही आठवड्यांत मोडीत काढायचे ठरले.

खरी अडचण कर्जाची होती आणि आपल्यालाही तीच सगळ्यात आधी भेडसावेल. रीडी क्रीकने रस्ते आणि जलवाहिन्यांसाठी कर्जरोखे काढले होते, सुमारे 100 कोटी डॉलरचे. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार असा जिल्हा बरखास्त झाला, की त्याची देणी स्थानिक शासनाकडे जातात. म्हणजे कंपनीच्या आवारातल्या रस्त्यांचे कर्ज त्या दोन काउंटींतील सामान्य घरमालकांच्या माथी आले असते. ऑरेंज काउंटीच्या कर अधिकाऱ्याने तर मालमत्ता कर 20 ते 25 टक्क्यांनी वाढवावा लागेल असे सांगितले होते. कंपनी काउंटीचा कर भरत होतीच, त्यावर खास जिल्ह्याचा वेगळा करही भरत होती. जिल्हा गेला असता तर तो दुसरा कर बुडाला असता, कर्ज मात्र उरले असते. त्यातच 1967 च्या कायद्यात राज्याने रोखेधारकांना वचन दिले होते, की कर्ज फिटेपर्यंत जिल्ह्याचे अधिकार कमी करणार नाही. बरखास्तीच्या घाईत हे कलम विचारात घेतले गेले नाही. शेवटी फेब्रुवारी 2023 मध्ये नवा कायदा करून जिल्हा कायम ठेवावा लागला. त्याचे नाव बदलले आणि पाचही सदस्य गव्हर्नर नेमू लागले.

मावळत्या मंडळाने जाता जाता, 8 फेब्रुवारी 2023 रोजी, कंपनीशी 30 वर्षांचा विकास करार केला. सोबत जमिनीच्या वापरावर अटी घालणारे निर्बंधपत्र होते. त्याची मुदत इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांच्या हयात वंशजांपैकी शेवटच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर 21 वर्षांपर्यंत ठेवली. नव्या मंडळाच्या हाती फारसे काही उरू नये, असा तो बंदोबस्त होता. नव्या मंडळाने तो करार रद्द ठरवला. संबंधित जमीनधारकांना टपालाने नोटिसा गेल्या नव्हत्या, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. मग दोन न्यायालयांत दावे चालले. या काळात कंपनीने ऑर्लँडोजवळ सुमारे 2,000 नोकऱ्या आणण्याचा बेत सोडून दिला. मार्च 2024 मध्ये तडजोड झाली आणि जूनमध्ये 15 वर्षांचा नवा करार. त्यात कंपनीने 1,700 कोटी डॉलरपर्यंत गुंतवणुकीची, स्थानिक पुरवठादारांकडून खरेदीची आणि परवडणाऱ्या घरांसाठी निधी देण्याची हमी दिली. मुदत, हमी आणि त्या बदल्यात परवानगी असा हा साधा करार पहिल्या दिवशीच होऊ शकला असता.

हे आपल्याकडे होणार नाही असे कोणी म्हणेल, तर मुळशीतील लवासाचा अनुभव फार जुना नाही. 2008 साली तिथे कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण केले होते. 2010 च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, 2017 मध्ये राज्याने प्राधिकरणाचा दर्जा काढून घेतला आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांनी घरे घेतली आणि ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी दाद कोणाकडे मागायची?

गावाचा कारभार कंपनीच्या हाती देण्याच्या आजही दोन वाटा उघड्या आहेत. एक, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चे कलम 40, ज्याखाली विशेष नियोजन प्राधिकरण नेमले जाते. दुसरी, राज्यघटनेच्या अनुच्छेद 243 क्यू मधील परंतुक. नागरी सेवा एखादा उद्योग पुरवत असेल, तर राज्यपाल ते क्षेत्र औद्योगिक नगरी म्हणून जाहीर करू शकतात आणि मग तिथे निवडून आलेली नगरपालिका असावीच लागत नाही. कारखान्याच्या वसाहतीपुरते हे समजू शकते. थीम पार्कला हा मार्ग देऊ नये. करमणूक कराचे कारणही त्यात आहे. वस्तू व सेवा कर आणणाऱ्या 101 व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील नोंद 62 बदलली, आणि करमणुकीवरील कर आता पंचायत, नगरपालिका यांसारख्या स्थानिक संस्था आकारतील तेवढाच उरला. निवडून आलेली संस्थाच नसेल, तर तिकिटामागे गावाला मिळू शकणारा पैसा मागायला कोणी उरत नाही.

म्हणून आमची मागणी अशी, की या क्षेत्रात कोणत्याही कंपनीला वा तिच्या उपकंपनीला कलम 40 खाली नेमू नये आणि औद्योगिक नगरीचा दर्जा देऊ नये. कंपनीच्या प्रकल्पासाठी लागणारे रस्ते, पाणी आणि मैलापाणी शुद्धीकरण यांचे कर्ज कंपनीच्याच नावावर असावे. महामंडळाने वा जिल्हा परिषदेने हमी देऊ नये. काम अर्धवट सोडले तर ते पुरे करण्यापुरती बँक हमी आधी जमा असावी, आणि कामाचे टप्पे पुरे होतील तशीच ती परत मिळावी.

बांधकामाची परवानगी आणि तपासणी सरकारकडेच राहावी. रीडी क्रीकमध्ये बांधकामाचे नियमही त्या जिल्ह्याचे स्वतःचे होते. योगायोग असा, की तो कायदा झाला त्याच 1967 च्या 11 डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला. हा भूकंपप्रवण भाग आहे. इथे आकाशपाळणा उभा राहो की सात मजली हॉटेल, पायाचा आराखडा तपासणारा अभियंता कंपनीच्या पगारावर असता कामा नये.

जमिनीबाबतही तेच. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे खासगी कंपनीसाठी 80 टक्के आणि भागीदारी प्रकल्पासाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. महामंडळाच्या नावाने जमीन घेऊन पुढे कंपनीला भाड्याने दिली, तर ही अट कागदावरच राहते. कोयना धरणासाठी एकदा उठलेल्या गावांवर ही वेळ पुन्हा येऊ नये. ही पळवाट करारातच बंद करावी.

करार 15 वर्षांहून मोठा नसावा. तो रद्द करायचा तर लेखी कारण, नोटीस, सुनावणी आणि दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत हे टप्पे त्यात लिहिलेले असावेत. कंपनीने सरकारच्या धोरणावर टीका केली, हे कारण त्या यादीत कधीही नसावे. निवडणूक जाहीर झाल्यापासून नवे सरकार येईपर्यंत अशा करारावर सहीही होऊ नये, म्हणजे मावळत्या मंडळासारखा बंदोबस्त इथे कोणाला करता येणार नाही. कंपनीला सवलत द्यायची तर ती सर्वांना लागू नियमातून द्यावी. फ्लोरिडाने 2021 मध्ये समाजमाध्यमांवरचा कायदा केला तेव्हा थीम पार्कच्या मालकांना त्यातून वगळले होते. भांडण झाल्यावर ते कलम वर्षाच्या आत काढून टाकले.

कराराचा मसुदा मराठीत, नकाशा आणि सातबाराच्या गट क्रमांकांसह, बाधित प्रत्येक ग्रामपंचायतीत सहीच्या किमान 60 दिवस आधी लावावा, आणि कांदाटी खोऱ्यासारख्या लांबच्या गावांत सुनावणी गावातच घ्यावी. पावसाळ्यात तिथले लोक साताऱ्याला येऊ शकत नाहीत, तेव्हा तारीख दिवाळीनंतरची असावी.

आपले,
सातारा जिल्ह्यातील नगररचना, कायदा व पंचायत कारभाराचे अभ्यासक