गावठाणाला ड्रोन, शिवाराला रोव्हर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावठाणातील घरांच्या सनदा ड्रोनच्या मोजणीतून मिळू लागल्यापासून शिवारातील शेतजमिनीचे गटही ड्रोननेच मोजावेत, म्हणजे बांधाचे वाद मिटतील, असे आमच्या भागात अनेकजण म्हणतात. वादांना कंटाळलेल्या शेतकऱ्याची ही अपेक्षा समजण्यासारखी आहे, पण ती पुरती तपासून पाहिली पाहिजे.

पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी गावठाणातील घरांना मालकीपत्र देणारी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. गावठाणात ही पद्धत चालते, कारण तेथील भिंती, कुंपणे, गल्ल्या आकाशातून दिसतात. एकमेकांवर चढणारी छायाचित्रे घेऊन, जमिनीवरील नियंत्रण बिंदूंशी (आधीच अचूक मोजून ठेवलेल्या खुणांशी) ती नीट जुळवली, तर पाच सेंटिमीटरच्या आसपास अचूकता मिळू शकते. मात्र कॅमेऱ्याला जे दिसते तेवढेच तो टिपतो. पलूस, वाळवा, कराडकडे उसाचे फड डोक्याच्या वर गेले, की बांध पानांखाली जातो आणि छायाचित्रात फक्त शेंडे उरतात. तासगावकडे द्राक्षाच्या मांडवाखालचा हद्दीचा दगड वरून कसा दिसणार?

तेथे उपग्रहांच्या आधाराने चालणारा रोव्हर, म्हणजे कोपऱ्यावर नेऊन धरायचे मोजणीयंत्र, उपयोगी पडतो. मोबाइलमधील जीपीएस तीन ते पाच मीटर चुकू शकते, पण कॉर्स या, स्वतःची जागा अचूक ठाऊक असलेल्या कायमस्वरूपी केंद्रांकडून उपग्रहांच्या संकेतांतील चुकांची दुरुस्ती मिळाली, की रोव्हर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत बिंदू सांगतो. हा फरक किती मोठा आहे, हे दोनशे मीटर लांबीच्या बांधावर कळते: तो सरळ अर्धा मीटर सरकला, तर एक आर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, इकडचा तिकडे जातो, पाच सेंटिमीटर सरकला, तर गुंठ्याचा सुमारे दीड आणा (आणा म्हणजे सोळावा हिस्सा). उसाच्या रानात एका गुंठ्यासाठी भावकी कोर्टात गेलेली आपण पाहतो.

रोव्हरलाही मर्यादा आहेत. वडाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत, उंच भिंतीलगत उपग्रहांचे संकेत अडतात वा परावर्तित होतात, आणि पडद्यावर ‘फिक्स’ (जागा पक्की ठरली) ऐवजी ‘फ्लोट’ (अजून अंदाजे) दिसत असताना घेतलेला बिंदू हद्दीसाठी विश्वासार्ह नसतो. कोयनेपलीकडच्या कांदाटी खोऱ्यासारख्या भागात डोंगरांमुळे आकाश कमी दिसते, शिवाय दुरुस्तीसाठी लागणारे मोबाइलचे नेटवर्कही बेभरवशाचे असते. अशा ठिकाणी कोन व अंतर मोजणारे ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्र लावून मोकळ्या जागेतील पक्क्या बिंदूवरून मोजत यावे लागते. त्याला वेळ लागतो, आणि तो दिला गेला पाहिजे.

याहून महत्त्वाची बाब अशी, की ड्रोन असो वा रोव्हर, आज जमिनीवर काय आहे एवढेच ते सांगतात. हद्द कोठे असायला हवी, हे टिपण (मूळ मोजणीचा आराखडा), फाळणी (जमिनीची वाटणी) आणि एकत्रीकरण (तुकडे जोडणे) यांच्या जुन्या नकाशांवरूनच ठरते. मोजणीच्या लोखंडी साखळीने मोजलेल्या त्या नोंदी आजच्या अक्षांश-रेखांशांशी जुळवायच्या, तर जुने दगड सापडावे लागतात. कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ च्या पुरांत जेथे माती खचली, तेथे असे दगड मिळणे आणखी अवघड आहे. अतिक्रमणाने सरकलेला बांध ड्रोनने कितीही स्वच्छ टिपला, तरी तो सरकलेलाच बांध असतो, म्हणून त्या छायाचित्राला हद्दीचा पुरावा समजणे धोक्याचे आहे.

म्हणून भूमी अभिलेख विभागाला विनंती आहे, की मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाच्या ‘क’ प्रतीवर प्रत्येक कोपरा रोव्हरने, ईटीएसने की ड्रोनच्या छायाचित्रावरून घेतला, त्या वेळी अचूकता किती होती आणि कोणता जुना दगड आधाराला धरला, हे ठळक छापावे. दोन मोजण्यांत तफावत निघाली, तर कोणती ग्राह्य धरायची हे अपिलात त्यावरून तपासता येईल. बागायती गावांतील मोजण्या शक्य तितक्या ऊसतोडीनंतर, डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान ठेवाव्यात आणि त्या महिन्यांसाठी तालुक्यांना जादा रोव्हर व भूकरमापक द्यावेत.

कळावे,
एक शेतकरी वाचक, पलूस (जि. सांगली)